भेटीची वेळ

"वृंदा, तुझी माणसं बेडपॅन उचलतील का?"

नानासाहेब हेरवाड्यांनी हे इतक्या सहज विचारलं, की मला ते कौतुकच वाटलं. मी हसत म्हणाले, "उचलतात की. मी नको म्हटलं तरी उचलतात."

"झकास. मग बायकांच्या वॉर्डाला त्यांच्या पाळ्या लाव. अगदी पहाटेपासून. येत्या एक तारखेला सुरू करायचं."

"पण पहाटे आया असतात, नाना."

"एक तारखेपासून नसतील." त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. "त्यांचं कंत्राट संपतंय. पुढं चालू ठेवायचं नाही, असं ठरवलंय मी."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते चष्मा पुसत राहिले.

"असं बघू नकोस. मोफत वॉर्ड बंद करायचा की आया बंद करायच्या, एवढंच माझ्यापुढं होतं. तेवढ्यात तुझी माणसं उभी राहिली. देव पावला म्हणायचं."

ही गोष्ट गल्लोगल्ली एसटीडी बूथ होते त्या काळातली. जयसिंगपुरात एका ट्रस्टचं रुग्णालय होतं. समाजकार्याची पदवी घेतल्यावर मला पहिली नोकरी तिथं लागली. गावातून स्वयंसेवक गोळा करायचे, त्यांना पिवळे एप्रन द्यायचे आणि कोण कधी येणार ते बघायचं, हे माझं काम. इचलकरंजीला आमच्या घरात वडिलांचा माग बंद पडला होता, त्यामुळे माझ्या पगाराची वाट बघणारी माणसं होती.

नानासाहेबांबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर ते कुणी खलपुरुष होते असं वाटेल. त्यांची तेलाची गिरणी होती. ती मुलाच्या हवाली करून ते ट्रस्टचे कारभारी विश्वस्त म्हणून रोज सकाळी दवाखान्यात येऊन बसत. पगार घेत नसत. ट्रस्टचा चहासुद्धा पीत नसत, घरून थर्मास आणत. पेशंटच्या नातेवाइकांनी पाया पडायचा प्रयत्न केला तर मागे सरत. त्यांच्या लेखी सेवा म्हणजे फुकट केलेली गोष्ट. ज्याचे पैसे घेतले ते काम, बाकी सगळी सेवा.

आणि माझी माणसं. मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी विचारायची, तुम्हाला इथं का यावंसं वाटलं? कॉलेजात तसं शिकवलं होतं. लोक काय काय सांगायचे! प्रमिला आवटी म्हणाल्या, "सून आली घरात. एका गॅसशी दोघी कशाला?" एसटीतून निवृत्त झालेले दस्तगीर तांबोळी म्हणाले, "घरात बसलो की पाय नुसता ब्रेक हुडकतोय, बाई." ते स्ट्रेचर ढकलायचे. एक्सरेच्या खोलीकडं वळताना पेशंटला सांगायचे, "वळण हाय, धरून बसा." कण्हणारा माणूसही हसायचा.

कालिंदी हुपरीकरांनी मात्र उत्तर दिलं नव्हतं. "तुम्हाला जे बरं दिसेल ते समजा," एवढंच म्हणाल्या. कोल्हापूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये सगळी नोकरी झालेली. लग्न केलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर जयसिंगपुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. उंच, सडसडीत बाई, आणि आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाला स्वच्छ ऐकू यावं, पण ओरडल्यासारखं वाटू नये. खेड्यातल्या पेशंटांचे निरोप पोचवणं हे काम त्यांनी आपणहून घेतलं. कोपऱ्यावरच्या बूथवर उभ्या राहून त्या कुठल्या कुठल्या गावातल्या किराणा दुकानाचा नंबर मिळवत आणि सांगत, "जरा समोरच्या आळीतून अमक्याच्या सुनेला बोलवा हो, मी थांबते लाइनवर." आणि थांबत. पेशंट बायका त्यांना टेलिफोनबाई म्हणत.

त्यांचं एका व्यक्तीशी अजिबात पटत नव्हतं. ती म्हणजे बायकांच्या वॉर्डातली सगळ्यात जुनी आया, छबूताई मोहिते.

छबूताईंना पिवळा एप्रन दिसला तरी राग यायचा. एकदा माझ्यादेखतच त्या कालिंदीताईंना म्हणाल्या, "तुमी यायचं, बिस्किटं वाटायची, दोन गोड शब्द बोलायचं. पेशंट तुमालाच आशीर्वाद देतोय. हागमूत आमी काडायचं, आन आमच्या वाट्याला मात्र 'ए मावशी, कुटं मेलीस!'"

कालिंदीताईंनी शांतपणे विचारलं, "मग मी काय करू? येऊ नको?"

"या की. पर देवी होऊन येऊ नका."

 त्या दिवसापासून कालिंदीताईंनी बिस्किटं आणणं बंद केलं आणि बेडपॅन उचलायला सुरुवात केली. छबूताई तरीही त्यांच्याशी धड बोलत नव्हत्या.

शनिवारी दुपारी मी सगळ्या स्वयंसेवकांना फिजिओथेरपीच्या खोलीत बोलावलं. पाळ्या सांगायला. दोन दिवस मी विचार करत होते. नानांनी पाळ्या लावायला सांगितल्या होत्या, त्या लावून मोकळं व्हावं, असं मनात येई. पण त्या माणसांची तोंडं समोर आली की पाळ्यांच्या कागदावर नाव लिहवत नव्हतं.

लोक बाकांवर, लोखंडी दांड्यांच्या आधारानं, कुणी व्यायामाच्या सायकलवर बसले होते. मी पाळ्या सांगितल्या. दस्तगीरचाचा खूश झाले. "पहाटेचं स्ट्रेचर मला द्या. सवय हाय."

"पहाटे?" कालिंदीताई म्हणाल्या. "पहाटे छबूताई असतात ना?"

मी खाली बघितलं. मग म्हणाले, "एक तारखेपासून त्या नसतील. कुठल्याच आया नसतील. त्यांचं काम आता तुम्ही करायचंय."

 व्यायामाच्या सायकलचं चाक हळूहळू फिरून थांबलं.

"म्हंजे आमच्यामुळं?" दस्तगीरचाचांनी विचारलं.

"तुम्ही फुकट करता, म्हणून."

मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, ट्रस्टकडं पैसा नसेल तर ते तरी काय करणार? कुणी म्हणालं, आपण उद्यापासून यायलाच नको. त्यावर प्रमिलाताई रडवेल्या झाल्या. "आपण नाही आलो तर हाल कुणाचे? पेशंटांचेच ना? त्या गंगव्वाला कोण भरवणार?"

गंगव्वा अथणीकडच्या खेड्यातली म्हातारी होती. खुब्याचं हाड मोडलेलं. तिला कानडीशिवाय काही येत नव्हतं. मुलगा तिला दाखल करून गेला तो परत फिरकला नव्हता. कालिंदीताईंनी त्याच्या गावच्या दुकानात कितीदा तरी फोन लावला होता.

"प्रमिलाताईंचं बरोबर आहे," कालिंदीताई म्हणाल्या. "भांडण गंगव्वाशी नाही. म्हणजे यायचं तर आहेच." त्यांनी एप्रनच्या बंदाची गाठ सोडली. "पण ट्रस्टचे म्हणून नाही यायचं."

"मंग कुणाचं म्हणून?" दस्तगीरचाचांनी विचारलं.

कालिंदीताईंनी अंगातला एप्रन काढला, मांडीवर ठेवून नीट घडी घातली. "ते सोमवारी बघू."

सोमवारी सकाळी नानासाहेबांच्या टेबलावर पिवळ्या एप्रनांचा ढीग लागला. एकेक जण येत होता, घडी ठेवत होता, नमस्कार करून बाहेर जात होता. नाना थर्मासचं झाकण हातात धरून बघत राहिले. चहा ओतायचा राहूनच गेला. शेवटी कालिंदीताई आल्या. मी दाराशी उभी होते.

"हे काय आहे, बाई?"

"आयांना काढून आम्हाला लावणार असाल तर आम्हाला हे जमणार नाही."

नानांनी माझ्याकडं बघितलं. "यांना कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"तू कुणाच्या नोकरीत आहेस?"

"तुमच्या. पण तुम्ही पाळ्या लावायला सांगितलंत, नाना. त्या कशासाठी लावायच्या ते लपव, असं म्हणाला नव्हतात."

त्यांचा चेहरा लाल झाला. पण ते माझ्यावर ओरडले नाहीत. ते कालिंदीताईंकडं वळले. "तुम्हाला काय वाटतं, मी हे पैसे घरी नेतोय?"

"छे. तुम्ही इथला चहासुद्धा पीत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. तुम्ही आमच्यातलेच आहात. म्हणून तर बोलायला आले. दुसरं कुणी असतं तर नुसता निरोप पाठवला असता."

"मग? लोक आपणहून सेवा द्यायला येतात, ती घ्यायची नाही? पगार देऊनच माणुसकी विकत घ्यायची?"

कालिंदीताई समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"नानासाहेब, तुमची गिरणी आहे. मला पेन्शन आहे. दस्तगीरभाईंनाही एसटीनं काहीतरी दिलंय. आयुष्यभर आम्हाला कुणीतरी कामाचा मोबदला दिला, म्हणून आज आम्हाला फुकट द्यायची ऐपत आहे. छबूताईंना ही ऐपत कधी येणार? त्यांचाच पगार काढून घेतला तर?"

नानांनी थर्मासचं झाकण टेबलावर ठेवलं.

"आणि त्या पगार घेतात म्हणून त्यांची सेवा खोटी झाली का? त्या पेशंटला कुशीवर वळवतात तेव्हा बघा एकदा. पगार तर चिमटे काढत वळवणाऱ्यालाही मिळाला असता."

"तुम्हाला भाषण छान येतं," नाना म्हणाले. "पण मला दवाखाना चालवायचाय. एप्रन नाही तर आत प्रवेश नाही. नियम आहे."

"बरोबर आहे. भेटायला येणाऱ्यांची वेळ काय असते?"

"चार ते सहा," मी म्हणाले.

"मग चारला येऊ," कालिंदीताई उठल्या.

"कुणाला भेटायला?"

"ज्यांना भेटायला कुणी येत नाही त्यांना."

त्या दुपारी चार वाजायच्या आधीच मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. एरवी त्या वेळेला तिथं डबे आणि थर्मास घेतलेली खेड्यापाड्यातली माणसं असत. आज त्यांच्याच रांगेत माझी माणसं उभी होती, साध्या कपड्यांत. प्रमिलाताईंच्या हातात मऊभाताचा डबा होता. दस्तगीरचाचांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, जणू खरोखरच सोयऱ्याला भेटायला निघालेत.

फाटकावरचा बाळू सगळ्यांना ओळखत होता, आणि म्हणूनच बिचारा अवघडला होता. वरून हुकूम आला होता, पेशंटचं नाव विचारल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही.

"चाचा, कुणाकडं?"

"खाट अकरा. रामू धनगर."

"कोण लागतो तुमचा?"

दस्तगीरचाचा क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "पॅसेंजर." रांगेत हशा पिकला. बाळूनं मान खाली घालून त्यांना आत सोडलं.

कालिंदीताईंची पाळी आली. "गंगव्वा," त्या म्हणाल्या. "मी तिची बहीण." बाळू वर बघायला तयार नव्हता. त्या आत गेल्या.

मी त्यांच्यामागून वॉर्डात गेले. छबूताई एकट्याच दुसऱ्या टोकाला एका बाळंतिणीची चादर बदलत होत्या. त्यांच्या जोडीची आया त्या दिवशी आलीच नव्हती. कंत्राट संपणार कळल्यावर ती दुसरं काम शोधायला सांगलीला गेली होती. छबूताईंनी एकामागून एक आत येणारी ही साध्या कपड्यांतली माणसं बघितली आणि त्या चादर तशीच हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांना एव्हाना सगळं कळलं होतं. पण त्या आभाराचा शब्द बोलल्या नाहीत. "भेटायला आलासा न्हवं? मग खाटांवर बसू नका, स्टुलं घ्या," एवढंच म्हणाल्या.

कालिंदीताई स्टूल ओढून गंगव्वाजवळ बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. गंगव्वा कानडीत बोलायची, या मराठीत उत्तर द्यायच्या, आणि कसं कोण जाणे, पण त्यांचं चाललेलं असायचं.

थोड्या वेळानं नानासाहेब वॉर्डात आले. ते सहसा वॉर्डात येत नसत. पेशंट हात जोडायला लागतात म्हणून. ते दाराशीच थांबले. त्याच वेळी गंगव्वा कळवळली आणि कालिंदीताईंचा हात धरून काहीतरी म्हणाली. भाषा येत नसली तरी तिला काय हवंय ते सगळ्यांना समजलं. कालिंदीताईंनी वळून बघितलं. छबूताई बाळंतिणीला धरून होत्या, त्यांना तिला सोडता येत नव्हतं.

आता ही काय करते, असं मला वाटलं. नानांनाही तेच वाटलं असावं. ते एक पाऊल पुढे आले.

कालिंदीताई उठल्या. खाटेखालून बेडपॅन काढलं, गंगव्वाच्या पाठीखाली हात घालून तिला उचललं, पडदा ओढला. काही वेळानं भांडं झाकून मोरीकडं निघाल्या, तेव्हा नाना वाटेत उभे होते.

"मग काय फरक राहिला, बाई?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते. "एप्रन काढून शेवटी केलंत तेच."

"बहीण आहे माझी. करणारच." कालिंदीताई भांडं हातात घेऊनच बोलत होत्या. "पण उद्या मी येईन का, ते तुम्हाला सांगता येईल? मला ताप येईल, पाहुणे येतील, नाहीतर नुसता कंटाळा येईल. मी आले नाही तर तुम्ही मला काय विचारणार? छबूताईंना विचारता येतं. त्या येणार हे गंगव्वालाही माहीत असतं. माझ्या मनावर वॉर्ड चालवू नका, नानासाहेब. मी चांगली बाई आहे, पण मला कुणी बांधलेलं नाही."

मोरीत भांडं धुतल्याचा आवाज आला. नाना तिथंच उभे होते. वॉर्डभर त्यांनी नजर फिरवली. प्रमिलाताई एका मुलीला भरवत होत्या. छबूताई बाळंतिणीला कुशीवर वळवत होत्या, एक हात मानेखाली, एक कमरेखाली, तोंडानं काहीतरी पुटपुटत, जशी आई झोपलेल्या मुलाला न उठवता वळवते. नाना ते बघत राहिले.  मग निघून गेले.

त्यानंतर चार दिवस रोज चारला ती रांग लागत होती. गावात बोलबाला झाला. बाळूनं नावं विचारणं सोडून दिलं. मला वाटत होतं, आता माझी नोकरी जाणार. मी घरी काही कळवलं नव्हतं.

शुक्रवारी नानांनी मला बोलावलं. टेबलावर एप्रनांचा ढीग तसाच होता.

"हे ज्याचं त्याला देऊन टाक," ते म्हणाले.

"आणि आया?"

"एका देणगीदाराचे पैसे दर्शनी कमानीसाठी आले होते. त्यांच्या घरी जाऊन आलो. कमानीवर वडिलांचं नाव कोरायचं होतं त्यांना. मी म्हटलं, कमान राहू दे, वर्षभर तुमच्या वडिलांच्या नावानं बायकांचा वॉर्ड झाडला-पुसला जाईल. आधी बसूच देत नव्हते. मग ऐकलं." त्यांनी एप्रनांचा ढीग माझ्याकडं सरकवला. "वर्षभराचं भागलं. पुढं परत झोळी घेऊन फिरायचं. आणि तू."

"हो."

"पुढच्या वेळी मला आधी सांगायचं. त्यांना सांगायच्या आधी मला. मग हवं तर त्यांनाही सांग."

थर्मासमधला चहा त्यांनी झाकणात ओतला आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "घेणार?"

ती कमान आजतागायत झालेली नाही. आया राहिल्या, पण सांगलीला गेलेली ती जोडीदारीण परत आली नाही, तिला तिथं एका खासगी दवाखान्यात काम मिळालं. मी पुढं तिथं आणखी काही वर्षं होते. आता पुण्यात स्वयंसेवकांना शिकवण्याचंच काम करते, वेगवेगळ्या संस्थांसाठी. संस्थांचे लोक मला विचारतात, "माणसं टिकवायची कशी?" मी त्यांना काय काय सांगते. पण मनात असते ती या सगळ्यानंतरची एक सकाळ.

एप्रन परत दिल्यावर कालिंदीताई दोन-चार दिवस नेहमीसारख्या आल्या आणि मग अचानक यायच्या बंद झाल्या. कुणालाच काही माहीत नव्हतं. त्यांच्या घरी फोन नव्हता. रोज कुणाकुणाला फोन जोडून देणाऱ्या बाईनं स्वतःच्या घरी तो कधी घेतलाच नव्हता. मी दस्तगीरचाचांना त्यांच्या घरी पाठवलं, तर कुलूप.

आठवड्यानं त्या आल्या. बेळगावला बहिणीकडं गेल्या होत्या, बहिणीला बरं नव्हतं. वॉर्डात शिरून त्या एप्रनचे बंद बांधत होत्या, तेवढ्यात छबूताई चादरींचा गठ्ठा घेऊन समोर आल्या.

"कुटं हुतासा?"

"बहिणीकडं. बेळगावला."

"सांगून जावावं मानसानं." छबूताईंचा आवाज चढला होता. "ती गंगव्वा रोज दाराकडं बघत हुती. मला इचारायची, मला काय कानडी येतंय का? म्या काय सांगायचं तिला? आन मी बी..." त्यांनी गठ्ठा खाटेवर आपटला. "वाट बगावी लागती."

कालिंदीताईंचे हात बंदांवरच राहिले. एरवी कुणालाही उत्तर देणारी ती बाई, आपला चेहरा मला दिसू नये म्हणून की काय, खिडकीकडं वळली. नानांना तोंडावर सांगितलं होतं त्यांनी, मला कुणी बांधलेलं नाही म्हणून. ते खरंही होतं. त्या इथं का येत होत्या, हे मी त्यांना त्यानंतर कधीच विचारलं नाही.

"चुकलं माझं," त्या खिडकीकडं बघतच म्हणाल्या. "पुढच्या वेळी सांगून जाईन."

"बरं," छबूताई म्हणाल्या, आणि चादरीचं एक टोक त्यांच्याकडं फेकलं. "धरा."